तीन इंच उंच, मग अडलं कुठे?

आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. उत्तर लगेच खाली शोधू नका. आधी कागदावर एक चित्र काढा आणि जरा डोकं चालवा.

एक पिकअप ट्रक आहे. पुढे माणसांसाठी केबिन, मागे सामानासाठी उघडा हौदा. खडकाळ वाटेवरून जाताना त्याच्या मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा एका दगडाला थडकतो आणि गाडी तिथेच अडकते. मालक वैतागतो. गॅरेजमध्ये जाऊन जुन्या स्प्रिंगा काढतो, उंच स्प्रिंगा बसवतो. गाडी चांगली तीन इंच वर उचलली जाते. टायर मात्र तेच. मग ऐटीत तो पुन्हा त्याच वाटेला, त्याच दगडाशी येतो.

आता सांगा, तो गोळा दगडाला लागेल की सुटेल?

“सुटेल!” असं म्हणणाऱ्यांचे हात खाली. गोळा लागेल. पूर्वी लागत होता तिथेच आणि तेवढाच!

असं का? त्यासाठी बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. गाडीच्या साटीखाली दोन जाड फळ्या घालून साटी उंच केली, तर वर बसलेला माणूस उंच होईल. पण आस कुठे जाईल? ती बसलेली असते चाकांच्या मधोमध. चाकं जेवढी तेवढीच राहिली, तर आस जमिनीपासून होती तेवढ्याच अंतरावर राहणार. ट्रकच्या मागच्या बाजूलाही तसंच असतं. मागची आस, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एक्सल, दोन चाकांना जोडलेली असते आणि तिच्या पोटात तो गोळा असतो. त्याला म्हणतात डिफरन्शियल. त्यात दातेरी चाकं असतात आणि वळणावर बाहेरचं चाक जास्त, आतलं चाक कमी फिरू देण्याचं काम ती करतात. स्प्रिंगा या आसेच्या वर असतात. म्हणून स्प्रिंग उंच केली की वरची गाडी उचलली जाते, खालची आस नाही.

मग आस उचलायची तर एकच उपाय उरतो. चाकच मोठं करायचं!

टायरवरचे आकडे वाचू या

हा सगळा उद्योग जिथे फार मोठ्या हौसेने चालतो, त्या देशात जाऊ या. अमेरिकेत युटा राज्यात मोअॅब नावाचं गाव आहे. आजूबाजूला लाल वालुकाश्माचे प्रचंड उतार. तिथे १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास जीपगाड्यांचा मेळा भरतो. या खडकाला तिथे ‘स्लिकरॉक’, म्हणजे घसरडा खडक म्हणतात. गंमत अशी, की घसरायचे ते लोखंडी नालांचे घोडे. रबरी टायर त्याला छान धरून राहतो. दुसरी प्रसिद्ध वाट कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात आहे. तिचं नाव रुबिकॉन ट्रेल. सुमारे ३५ किलोमीटरच्या या वाटेवर ग्रॅनाइटचे असे धोंडे पडलेत, की काही ठिकाणी पायी चालणारा माणूस गाडीच्या पुढे निघून जाईल.

अशा वाटांवर जाणाऱ्यांचा एक लाडका ट्रक म्हणजे टोयोटाचा टॅकोमा. १९९५ साली तो तिकडे विकायला आला. अनेक वर्षं, २०२३ च्या मॉडेलापर्यंत, त्याच्या ‘टीआरडी ऑफ-रोड’ या प्रकारावर कारखान्यातून येणाऱ्या टायरवर असे आकडे असायचे : २६५/७० आर १६.

हे काही गुपित नाही. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या टायरवरही असेच आकडे सापडतील. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्केवारी : रिमपासून जमिनीपर्यंतची टायरची उंची ही रुंदीच्या किती टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल, टायर बनवण्याची पद्धत. शेवटचा आकडा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! परीक्षेत कुणी असं लिहिलं तर बाई गुण कापतील. पण जगभर हेच चालतं.

आता गुणाकार करा. २६५ चे ७० टक्के म्हणजे १८५.५ मिलिमीटर. रिमच्या वर एवढं रबर, खाली एवढंच रबर, मिळून ३७१. रिम १६ इंचांची, म्हणजे १६ गुणिले २५.४, बरोबर ४०६.४. बेरीज झाली ७७७.४ मिलिमीटर. म्हणजे चाकाचा व्यास साडेतीस इंचांहून किंचित जास्त.

हौशी मंडळींना या ट्रकला ‘तेहतिशी’ टायर हवे असतात, म्हणजे सुमारे ३३ इंच व्यासाचे. त्यांचा एक नेहमीचा आकार आहे २८५/७५ आर १६. याचा हिशेब तुम्हीच करा. उत्तर ८३३.९ मिलिमीटर यायला हवं.

दोन्हींतला फरक ५६.५ मिलिमीटर. पण थांबा! हा फरक व्यासातला आहे. आस असते चाकाच्या मध्यावर, म्हणून ती उचलली जाणार याच्या निम्मी. म्हणजे साधारण २८ मिलिमीटर. एक इंच आणि वर थोडंसं!

नवे पाच टायर (हो, पाच! स्टेपनी विसरलात की काय?), शिवाय ते बसावेत म्हणून केलेला सगळा खर्च, आणि त्या लोखंडी गोळ्याला मिळालं काय, तर जेमतेम इंचभर. काही धोंड्यांवर तो इंच गाडी सोडवतो, हे खरं आहे. आणि मोठ्या चाकाचा आणखी एक फायदा असतो. प्रवासाच्या बॅगेची इवलीशी चाकं उंबरठ्याला अडतात, पण सायकल तोच उंबरठा सहज ओलांडते. चाक मोठं असलं की त्याच्यापुढे अडथळा लहान होतो. बैलगाडीची चाकं पूर्वीपासून उगाच मोठी नाहीत!

मग गाडी उचलायची कशाला?

पहिलं कारण, जागा. मोठं चाक मडगार्डच्या आत मावायला हवं. सरळ उभ्या गाडीत मावलं म्हणजे झालं असं नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, आणि एक चाक खड्ड्यात, दुसरं धोंड्यावर असतानाही ते कुठे घासता कामा नये. टॅकोमाला तेहतिशी टायर घालायचे तर साधारण दोन ते तीन इंच लिफ्ट करतात. तरीही आतलं प्लॅस्टिक कापावं लागतं. कधी कधी केबिन जिथे चॅसीवर टेकते, तिथल्या लोखंडाचा कोपराही कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागतं.

दुसरं कारण, कोन. चढ सुरू होतो तिथे गाडीचं नाक आधी आपटतं की चाक आधी चढतं? टेकाड ओलांडताना पोट घासतं का? उतरताना शेपूट टेकते का? गाडी उचलली की हे तिन्ही कोन सुधारतात. म्हणून लिफ्ट निरुपयोगी नाही. ती दुसरंच काम करते, एवढंच.

लिफ्ट करायच्या पद्धती वेगवेगळ्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर एक जाड चकती बसवायची. गाडी उंच दिसते, पण स्प्रिंग आणि शॉकअप तेच जुने. त्याहून चांगली पद्धत म्हणजे गाडीच्या वजनाला साजेशा नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप घालणं. मागच्या बाजूला पाटे असतात, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. त्यात एखादा पाटा वाढवतात किंवा संपूर्ण संच बदलतात.

पुढच्या चाकांना ताकद नेणारे दांडे मात्र गाडी उंच झाली की तिरके होतात. हाताचं कोपर सतत दुमडून काम केलं तर दुखतं ना? त्या दांड्यांच्या सांध्यांचंही तसंच होतं. त्यांच्यावरचं रबरी टोपण फाटतं, आतलं ग्रीस बाहेर येतं, धूळ आत जाते. म्हणून या ट्रकच्या पुढच्या बाजूला तीन इंचांच्या पुढे गेलं, की साधं काम महागाचं होऊन बसतं. आणि लिफ्ट कितीही लहान असली, तरी चाकांचं अलाइनमेंट नव्याने करावंच लागतं. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते आणि नवे कोरे टायर वेडेवाकडे झिजतात.

प्रत्येक इंचाची किंमत

किंमत म्हणजे फक्त पैसे नव्हेत बरं का.

पहिली किंमत, खोटं बोलणारा काटा. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठं झालं, की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण काट्याला त्याचा पत्ताच नसतो. ८३३.९ भागिले ७७७.४ करा. १.०७ येईल. पूर्वी काटा अगदी बरोबर असेल असं धरलं, तर आता तो ताशी १०० दाखवत असताना गाडी खरी १०७ ने धावत असते.

दुसरी किंमत, ब्रेक. ब्रेक तेवढेच राहिले आणि चाक मोठं झालं, तर त्याच दाबात रस्त्यावर लागणारा जोर सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. वर मोठे टायर वजनदार. त्यांना फिरवायला इंधन जास्त आणि थांबवायला मेहनत जास्त.

तिसरी किंमत, तोल. याचा प्रयोग घरीच करा. दोन सारख्या काड्यापेट्या घ्या. एक आडवी ठेवा, दुसरी उभी. खाली पाटी किंवा जाड पुठ्ठा, त्यावर पेट्या घसरू नयेत म्हणून खरखरीत कापड. आता पाटी एका बाजूने हळूहळू उचला. आधी कोण कोलमडतं? उभी पेटी! तिचा गुरुत्वमध्य उंच आणि बूड अरुंद.

अमेरिकेचं रस्तासुरक्षा खातं गाड्यांसाठी नेमका असाच हिशेब करतं. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. उत्तर जितकं मोठं, तितकी गाडी उलटायला अवघड. साध्या मोटारींचं उत्तर बहुतेक १.३ ते १.५ येतं. पिकअप आणि उंच गाड्यांचं १ ते १.३. समजा, एका ट्रकच्या चाकांमधलं अंतर १६० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर आहे. १६० भागिले १४०, उत्तर १.१४. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य ८ सेंटिमीटर वर गेला, तर १६० भागिले १५६, उत्तर १.०३. कागदावर फरक लहान दिसतो. पण अचानक समोर कुत्रा आला आणि चालकाने स्टिअरिंग झटकन फिरवलं, तर त्या क्षणी हाच लहान फरक गाडी चार चाकांवर ठेवतो किंवा टपावर उलटवतो.

चौथी किंमत, आणि ही तुमच्या धाकट्या भावंडांशी संबंधित आहे. गाडी उंच झाली की चालकाला दूरचं छान दिसतं, पण बॉनेटच्या अगदी पुढचं दिसत नाही. भूमितीतले समरूप त्रिकोण आठवा. समजा, चालकाचा डोळा जमिनीपासून १७० सेंटिमीटरवर आहे. बॉनेटची पुढची कड १२० सेंटिमीटरवर आणि डोळ्यापासून १८० सेंटिमीटर पुढे. तर ९० सेंटिमीटर उंचीचं मूल, म्हणजे दोन-अडीच वर्षांचं बाळ, बॉनेटपुढे १०८ सेंटिमीटरच्या आत उभं असेल तर चालकाला त्याच्या डोक्याचा केससुद्धा दिसणार नाही! आता तीच गाडी १० सेंटिमीटर उंच करा. न दिसणारी जागा १४४ सेंटिमीटर होते. तीन इंचांची लिफ्ट आणि तेहतिशी टायर मिळून जवळपास एवढीच उंची वाढते.

म्हणून उंच गाडी उभी असो वा सुरू असो, तिच्या तोंडासमोरून किंवा मागून लगटून कधीच जाऊ नका. चालक आपल्याला बघतोय असं धरून चालायचं नाही. आणि गाडी असलेल्या आईबाबांना विनंती, की अंगणातून गाडी काढण्याआधी एक फेरी मारून लहान मुलं कुठे आहेत ते पाहूनच चावी फिरवा.

फुकटातली युक्ती

आता एक मजेदार गोष्ट. रानवाटेवर अडलेली गाडी बऱ्याचदा उंचीसाठी अडलेली नसते. तिला पकड मिळत नसते. आणि पकड वाढवायला एक उपाय आहे, ज्याला एक पैसा पडत नाही. टायरमधली हवा कमी करायची!

एका चाकावर ५०० किलो भार आहे असं धरा. टायरमध्ये ३५ पौंड हवा असेल, म्हणजे दर चौरस इंचाला ३५ पौंड दाब, तर तो होतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.४६ किलो. ५०० भागिले २.४६, साधारण २०३ चौरस सेंटिमीटर. एवढासा तुकडा जमिनीला टेकलेला. आपलं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं. त्याच्या दीडपटीहून थोडा मोठा! हवा १८ पौंडांवर आणली, तर हिशेबाने हाच तुकडा ३९५ चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे तीन पोस्टकार्डांहून जास्त. टायरची कडही थोडा भार पेलते, म्हणून खरा आकडा जरा कमी भरतो, पण कल्पना तीच. टायर पसरतो, वाळूत रुतत नाही, दगडाला चिंबोरीसारखा धरून बसतो.

आइसलँडमधले लोक तर बर्फावर जाताना ३८ ते ४४ इंची टायर वापरतात आणि त्यांतली हवा दोन-चार पौंडांपर्यंत उतरवतात. गाडी भुसभुशीत बर्फावरून जणू तरंगत जाते. त्यांची चाकं एवढी मोठी का, याचं उत्तर इथे मिळतं. मऊ बर्फावर पसरायला भरपूर रबर लागतं. तिथे मोठं चाक ही गरज आहे.

या युक्तीला एक अट मात्र आहे. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा पुरी भरायची. कमी हवेचा टायर वेगात धावला की तापतो आणि फुटू शकतो. म्हणून जाणकार मंडळी छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं यंत्र सोबत ठेवतात. ते नसेल तर हवा सोडायचीच नाही.

निवड कशी करायची?

आता तुम्हीच गॅरेजचे मालक आहात असं समजा. दारात टॅकोमावाला आलाय आणि म्हणतोय, “लिफ्ट करून द्या!” तुम्ही काय विचाराल?

पहिला प्रश्न : जायचं कुठे? वर्षातले साडेतीनशे दिवस ऑफिस आणि बाजार असेल, तर त्या दिवसांचा विचार आधी. दुसरा : आतापर्यंत गाडी नेमकी कशाने अडली? नाक आपटलं, पोट घासलं, गोळा थडकला की चाक नुसतंच गरगर फिरलं? प्रत्येक दुखण्याला औषध वेगळं. चाक नुसतं फिरत असेल, तर हवा कमी करून पाहा, मग चांगल्या नक्षीचे टायर घ्या. खोल नक्षीचे चिखलाचे टायर डांबरावर घोंगावतात आणि ओल्या रस्त्यावर कमी धरतात. म्हणून बहुतेकांना रस्ता आणि रान दोन्हीकडे चालणारे मधल्या नक्षीचे टायर पुरतात. पोट घासत असेल, तर खाली पोलादी पत्रा लावूनही काम भागेल.

हे सगळं करून गाडी अडतच असेल, तर मग टायरचा आकार ठरवा. आणि तो टायर मावण्यापुरतीच लिफ्ट करा, एक इंचही जास्त नाही. आधी लिफ्ट आणि मग टायर, हा क्रम म्हणजे पायाचं माप न घेता बूट आणण्यासारखा. शेवटी अलाइनमेंट, काट्याची दुरुस्ती, ब्रेकची तपासणी आणि त्याच मापाची स्टेपनी. यांचे पैसे उरत नसतील, तर तो टायर आपल्यासाठी नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे उंचीचे नियम वेगळे आहेत. आपल्याकडेही मोठ्या चाकांच्या जीपगाड्या रस्त्यावर दिसतात आणि तुमच्यापैकी अनेकांना त्या भुरळ घालतात, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत आपल्या मर्जीने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. तेव्हा मोठ्या दादाने किंवा काकांनी बेत काढलाच, तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारा, असं त्यांना जरूर सांगा. आणि हो, त्यांना सुरुवातीचं कोडंही घाला. बघा किती जणांचे हात खाली येतात ते!

आता तुमची पाळी

टॅकोमावाल्याला तुम्ही समजावलंत. तो म्हणाला, “बरं, तेहतिशी नको. २६५/७५ आर १६ घालू.” हा टायर बहुतेक वेळा लिफ्ट न करताही मावतो. मग सांगा, मूळच्या २६५/७० आर १६ पेक्षा मागची आस किती मिलिमीटर वर जाईल? आणि काटा १०० दाखवेल तेव्हा खरा वेग किती?

उत्तर : आस १३.२५ मिलिमीटर वर. खरा वेग ताशी सुमारे १०३ किलोमीटर. ज्यांचं पहिलं उत्तर २६.५ आलं, त्यांनी निम्मं करायचं राहिलं का ते पाहावं!